पानांखालची कोरडी जागा

१

माझा भाऊ मर्डो दुपारचा चहा झाला की बागेच्या खालच्या टोकाला आपलं रूबार्ब बघायला जायचा. पाऊस असो वा नसो. आमच्या खाडीवर तो बहुधा असायचाच.

आंबट देठं साखरेत शिजवून खातात ते रूबार्ब नव्हे. ते मी स्वयंपाकघराच्या भिंतीलगत लावलं होतं. मर्डोचं होतं शोभेचं. त्याची देठं कुणी खात नाही, पानं तर विषारीच. ते नुसतं वाढवायचं आणि बघायचं. वसंतात चर्चच्या सभागृहात रोपांचा बाजार भरतो, तिथून तो एक गड्डा वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला होता. ओढ्याकाठी, जिथं चालताना बूट रुततात तिथं, त्यानं मोठा खड्डा काढला, तळाशी शेणखत भरलं आणि कोंब जमिनीच्या वर राहील असा बेताबेतानं तो गड्डा बसवला. "ह्याचे पाय कायम ओले हवेत," तो म्हणाला. पहिली दोन-तीन वर्षं चार पानांपलीकडे ते गेलं नाही. मर्डोला घाई नव्हती. त्यानं जन्मभर टपालाची होडी चालवली होती. वाट बघायची सवय होती त्याला.

मी त्या भागातली फिरती नर्स. लग्न आम्हा दोघांचंही राहून गेलं. निवृत्त झाल्यावर दोघांच्या पुंजीतून खाडीकाठचं हे घर घेतलं. स्लेटची कौलं, जाड भिंती, बागेभोवती दगडांचा गडगा. त्याच्यापलीकडे शेजारच्या पेगीच्या कोंबड्या.

एप्रिलची दुपार होती. मर्डो खाली गेला आणि पाठोपाठ पाऊस कोसळला. खाडी दिसेनाशी झाली. मी किटली पुन्हा चुलीवर ठेवली, टॉवेल काढून ठेवला. तो परत आला, बूट पायपुसण्यावर घासले आणि लोकरी कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"अरे, ओला कोट तिथं नको," म्हणत मी तो उचलला.

कोट कोरडा होता. बाह्या, खांदे, कॉलर, सगळं.

"तू होतास कुठं?"

"खाली."

"एवढ्या पावसात?"

"पानाखाली बसलो होतो," तो म्हणाला आणि त्यानं पेपर उघडला.

बरं, म्हणून मी चहा ओतला. कप त्याच्यापुढे ठेवताना माझ्या ध्यानात आलं. एप्रिल होता. त्या झाडाचं सगळ्यात मोठं पान माझ्या गुडघ्याएवढंही उंच नव्हतं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः जाऊन पाहून आले. मातीतून जाडजूड लाल कोंब वर आले होते. एक-दोन पानं उघडत होती, अजून चुरगळलेली, वरून हिरवी आणि खालून गडद लाल. त्यांच्याखाली एखादी कोंबडी मावली असती. म्हणजे मर्डो अवजारांच्या खोपटात बसला असणार, मी मनाशी म्हटलं, आणि त्यानं माझी गंमत केली.

पण खोपटातून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत फरशीची लांब वाट होती. वर आडोसा नाही, वाटेत झाड नाही.

पुढच्या पावसात तो तसाच आला. या वेळी मी सरळ त्याच्या केसांत हात घातला. केस कोरडे होते आणि शेगडीपाशी बसलेल्या माणसाचे असावेत तसे कोमट.

"हे काय चाललंय?" तो हसला.

"मर्डो, खरं सांग. कुठं बसतोस तू?"

"सांगितलं ना. सरकून जागा दिली मला."

"कुणी?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी आमच्या आईचं नाव विचारलं होतं. "बसायला जागा नको का? मी काय लहान आहे?"

नर्सचं डोकं एकाच दिशेनं धावतं. मी त्याला वार विचारला, महिना विचारला, पंतप्रधान कोण ते विचारलं. शंभरातून सात-सात वजा करायला लावले. त्यानं एकही चूक केली नाही. वर म्हणाला, "पास झालो का, नर्सबाई?"

"झालास. पण तू कोरडा कसा, ते सांगितलं नाहीस."

तो म्हणाला, "आयुष्यभर भिजलो मी, इशबेल. होडीत बसून माझ्या हाडांत पाणी गेलंय. आता कुणी मला कोरडं ठेवतंय, तर ठेवू दे की."

तो कोरडा कोट मी उगाचच चुलीवरच्या दोरीवर वाळत घातला.

३

जून आला आणि मला माझंच हसू आलं. झाड असं उसळलं, की आता त्याच्याखाली खरोखरच माणूस बसेल. पानं टेबलाएवढी, कडेनं फाटल्यासारखी कातरलेली. मधून मर्डोपेक्षा उंच तुरा निघाला, त्याला बारीक लालगुलाबी फुलांचे झुबके. पावसाचे थेंब त्या पानांवर पडले, की स्वयंपाकघरात आवाज यायचा. कौलांवर पाऊस तडतडतो, तसा नाही. जड, मऊ, थप थप. मर्डो त्या पानांखाली बादली उपडी टाकून बसे. मला बरं वाटे. जे काही होतं त्याला आता कारण सापडलं होतं.

पेगी तुरा बघायला आली. ती विधवा, आमच्याच वयाची, तोंडानं तिखट.

"खायला घालत नाही, विकता येत नाही," ती म्हणाली. "मर्डो, तू हे पोसतोस कशाला?"

"तुझ्या नवऱ्याला तू पोसलंसच की," मर्डो पानाखालून म्हणाला.

पेगी खो खो हसली. तेवढ्यात सर आली. मी डोक्यावर शाल घेऊन उभी राहिले. पेगी म्हणाली, "सरक रे, मलाही घे," आणि वाकून पानांखाली शिरली. बाहेरून मला दिसत होतं, मर्डो एका कडेला बसला होता. त्याच्या शेजारी आणखी दोघं-तिघं बसतील एवढी मोकळी जागा होती.

पेगी लगेच बाहेर आली. पावसात उभी राहिली.

"काय झालं गं?"

"जागा नाही," ती म्हणाली.

"अगं, एवढी तर मोकळी आहे."

"नाही, इशबेल." ती हसत नव्हती. तिच्या कपाळावरून पाणी ओघळत होतं, ते तिनं पुसलं नाही. "मी घरी जाते. कोंबड्या उघड्यावर आहेत."

कोंबड्या कधीच खुराड्यात गेल्या होत्या. गडग्यापलीकडून त्यांचा आवाज येत होता.

४

सप्टेंबरच्या अखेरीस पानं काळी पडून लोळली. मर्डोनं ती कापली, गड्ड्यावर पसरली, थंडी लागू नये म्हणून वर गवत टाकलं. बागेच्या त्या टोकाला आता एक बुटका ढिगारा आणि ती उपडी बादली, एवढंच उरलं. आता हा भिजणार, मी म्हटलं. आणि खरं सांगते, मी त्या पावसाची वाट पाहत होते.

तो आला ऑक्टोबरात, वाऱ्याशिवाय, सरळ. मर्डो टोपीसुद्धा न घालता खाली गेला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. तो बादलीवर बसला होता. हात गुडघ्यांवर, मान एका बाजूला कललेली, कुणाचं तरी बोलणं ऐकताना असते तशी. काचेवरून पाणी वाहत होतं. तो भिजतोय की नाही हे तेवढ्या लांबून कळत नव्हतं.

मग तो उठला आणि वाटेनं वर येऊ लागला.

पावसानं फरशी काळी झाली होती. मर्डो जिथं जिथं येई, तिथं ती फिकी होई. नुसती पावलांखाली नव्हे. वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि पलीकडे हातभर गवतही. बाकीचं गवत पावसाच्या माराखाली हलत होतं, तेवढं मात्र स्थिर. ती फिकी जागा त्याच्याबरोबर वर येत होती आणि त्याच्या मागे पुन्हा काळी होत होती.

तो दाराशी आला. बूट घासले. मागे वळून हळूच काहीतरी म्हणाला, आपण निरोप देताना म्हणतो तसं. आत आला आणि दार लोटलं.

"कुणाशी बोललास?"

"दारापर्यंत सोडायला आले होते," तो म्हणाला आणि खुर्चीत टेकला.

मी बाजूच्या खिडकीतून पायरीकडे पाहिलं. अंगणात थेंब उसळत होते. दाराची दगडी पायरी मात्र कोरडी, पिठासारखी पांढरट. मर्डो आत येऊन बसला होता आणि पायरी अजून कोरडी होती.

मग आवाज ऐकू आला. चौकटीच्या वरच्या बाजूला, अगदी जवळ. थप थप. थप. रुंद पानांवर पाऊस पडतो तसा. आमच्या बागेत तेव्हा एकही पान नव्हतं.

माझा हात कडीवर होता. तो तिथं कधी गेला मला कळलं नाही.

"त्यांना आत बोलावू का?" मर्डोनं हळूच विचारलं. पाहुण्यांना ताटकळत ठेवलं की माणूस विचारतो, तसं.

"नको," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. "मी सांगेन त्यांना."

मी पायरीकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं तिच्यावर एक थेंब पडला. मग दुसरा. कडेकडेनं ती काळी होत गेली आणि तो आवाज वाटेनं खाली, ओढ्याकडे गेला.

५

मी मर्डोला खाली जायला बंदी केली. त्यानं वाद घातला नाही. पण पाऊस आला की तो खुर्चीतून उठायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. "वाट बघत असतील," म्हणायचा. आणि ते वाट बघत होते. पाऊस आला की थप थप दाराशी यायची. थांबायची. जायची. आम्ही दोघं आत बसून ती ऐकायचो. मी विणकाम हातात धरायचे, टाके मात्र पडायचे नाहीत. हा वारा आहे, पन्हाळीचा पत्रा सुटलाय, मी स्वतःला सांगायचे. शिडी लावून पन्हाळी बघितलीही. घट्ट होती.

शेवटी मी पेगीकडे गेले. म्हटलं, "ते झाड काढायचंय."

तिनं का म्हणून विचारलं नाही. "कुदळ माझ्याकडे आहे," म्हणाली.

मर्डोला डोळे तपासायला ओबनला जायचं होतं. पेगीचा भाचा त्याला गाडीतून घेऊन गेला. गाडी वळणापलीकडे गेली आणि आम्ही दोघी कामाला लागलो. कोरडा, ढगाळ दिवस. गवत बाजूला केलं, कुजकी पानं काढली, खणत गेलो. गड्डा मांडीएवढा जाड झाला होता. मुळं खोल गेली होती. कुदळीचा घाव बसला तिथं आतून पिवळंधमक दिसलं. ओल्या मातीचा वास आला, आणखी कसलाही नाही.

मला काय सापडायला हवं होतं कोण जाणे. मी हातानं माती चाचपली. दगड होते, गांडुळं होती.

"नुसतं मूळ आहे गं," पेगी म्हणाली. आणि आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळलं.

हातगाडीत घालून तो गड्डा धक्क्यावर नेला आणि ओहोटीच्या पाण्यात लोटला. खड्डा बुजवला. पेगीनं त्यावर उभं राहून जमीन दाबली, बराच वेळ दाबत राहिली.

मर्डो आला तो सरळ खाली गेला. मी चहा मांडला. तो परत आला तेव्हा मला वाटलं, ओरडेल. मी तयारी ठेवली होती. तो खुर्चीत बसला आणि त्यानं माझा हात धरला. रागानं नव्हे.

"इशबेल," तो म्हणाला, "आता ते कुठं बसतील?"

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गडग्याबाहेरच्या दुसऱ्या खोपटातून कोळसा आणायला गेले. बादली भरत होते तेव्हा खाडीवरून पाऊस आला, एका झटक्यात, करडा पडदा ओढावा तसा. मी शाल डोक्यावर घेतली आणि घराकडे धावले. गडग्याच्या फाटकातून आत पाय टाकला आणि थांबले.

माझ्या पाठीवर पाऊस पडत होता. तोंडावर पडत नव्हता.

गडग्याच्या रेषेवर पाणी धारेनं गळत होतं. वळचणीखाली गळतं, तसं. घराच्या चारही बाजूंना. त्या धारेच्या आत सगळं कोरडं. दोरीवरचे कपडे लोंबत होते, हलत नव्हते. भिंती कोरड्या, कौलं उन्हाळ्यातल्यासारखी फिकी. तडतड नाही, पन्हाळीत पाणी नाही. फक्त वरून, धुराड्याच्याही वरून, तो जड मऊ आवाज. थप थप थप.

मी एकदाच वर पाहिलं. होडीच्या फासळ्यांएवढ्या जाड शिरा, एका ठिकाणाहून फाकलेल्या. आणि त्यांच्यामध्ये लाल, दिव्यासमोर तळहात धरल्यावर दिसतो तसा. ढग असतील. दुपार कललेली असली की ढगांना तसा रंग येतो. मी पुन्हा पाहिलं नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीत मर्डो होता. त्यानं मला पाहिलं आणि तो खुर्चीतून उठला. मला वाटलं, आत बोलावतोय. त्यानं दोन्ही हात छातीशी आणले आणि बाहेरच्या बाजूला झटकले. पेगीच्या कोंबड्या बागेत शिरल्या की हाकलायचा, तसे.

जा.

मी हललेच नाही. त्यानं मान वळवून खोलीत कुणाला तरी काहीतरी म्हटलं. नम्रपणे, हसून. पाहुण्याला बोलण्यात गुंतवायचं असलं की हसतो तसं. पुन्हा माझ्याकडे वळला तेव्हा तो हसत नव्हता. मी माझ्या भावाला कधी भ्यालेलं पाहिलं नव्हतं. वादळात होडी घेऊन निघतानाही नाही. तेव्हा पाहिलं.

जा, इशबेल. ओठ हलले, आवाज आला नाही.

त्याच्या मागे खोलीतला उजेड कमी झाला. वरून काहीतरी खाली यावं, तसा.

मी गेले. बादली फाटकातच राहिली.

७

पेगी आणि तिचा भाचा माझ्याबरोबर धावत आले. तोवर पाऊस घरावर पडत होता. कौलं तडतडत होती, पन्हाळी भरून वाहत होती. इतर कुठल्याही घरासारखं घर. पण दार फुगून चौकटीत रुतलं होतं. भाच्यानं खांदा लावला तेव्हा उघडलं.

आतून पाणी आलं.

पिंपातलं पीठ खळ झालं होतं. गाद्या, पडदे, चादरी पाण्यानं जड. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेत पाणी भरलेलं. वरच्या मजल्यावरून जिन्यानं ते पायरी-पायरीनं उतरत होतं. लाकूड काळं पडलं होतं, जणू ते घर कितीतरी वर्षं छपराशिवाय उभं होतं. पुढं कौलं बघायला माणूस आला. सगळीकडे फिरला, हात पुसत खाली उतरला. "छप्पर ठणठणीत आहे, बाई," म्हणाला. "एक कौल हललेलं नाही."

मर्डोचे बूट शेगडीपाशी होते. मर्डो नव्हता.

खाडीत शोध घेतला. ओढ्यात घेतला. पोलीस म्हणाले, घसरला असेल, म्हातारा माणूस, डोळे अधू. मी मान डोलावली. वेगळं काय सांगणार होते? पेगीनं मला तिच्या घरी नेलं आणि मी तिथून निघेपर्यंत पाऊस आला की माझ्याजवळ येऊन बसत राहिली.

आता मी ग्लासगोत राहते, तिसऱ्या मजल्यावर. बाग नाही, कुंडी नाही. पाऊस आला की मी हातातलं काम टाकते, गॅस बंद करते आणि जिना उतरून रस्त्यावर जाते. डोक्यावर काही घेत नाही. मानेवरून पाणी आत ओघळेपर्यंत उभी राहते. मग वर येऊन कपडे बदलते.

शेजारपाजारच्यांना ही म्हातारी चळलेली वाटते. खालच्या मजल्यावरची रोना बिचारी चांगली आहे. परवा ती धावत बाहेर आली. "अहो, भिजताय ना!" म्हणाली आणि माझ्या डोक्यावर छत्री धरली.

माझ्यावरचा पाऊस थांबला. वरून फक्त आवाज येत होता.

मी तिचा हात इतक्या जोरात उडवला, की छत्री रस्त्याच्या मधोमध जाऊन पडली. पोरगी घाबरून दोन पावलं मागं गेली. मी तिची माफी मागितली, पुन्हा पुन्हा मागितली. पण तोंड वर केलेलंच ठेवलं. पहिला थेंब गालावर पडला, मग कपाळावर, मग डोळ्यांत. तेव्हा कुठं मला श्वास घेता आला.